खिडकी क्रमांक चार : उभ्या जहाजातला मुक्काम

(भुसावळ स्टेशनच्या आरक्षण कार्यालयात चौतीस वर्षं खिडकी क्रमांक चारवर बसलेल्या आमच्या ताई वाचकांच्या प्रवासविषयक प्रश्नांना उत्तरं देतात.)

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले : "लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले तेव्हा दोन रात्री जुन्या जहाजात झोपले." त्यावर इतकी पत्रं आली की गोवा आणि चारधामवाल्यांना या वेळी वेटिंगवर टाकावं लागलं. त्यांनी राग मानू नये. पुढच्या अंकात कन्फर्म.

ताई, आमचा मुलगा लॉस एंजलिसजवळ असतो. दिवाळीनंतर आम्ही दोघं जाणार आहोत. तुम्ही राहिलात त्या जहाजात एक रात्र काढावी असं माझ्या मनात आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, दोन तासांत बघून होतं, रात्र कशाला?" राहण्यात असं वेगळं काय आहे? आणि खोली कोणती घ्यावी?
*(निवृत्त शिक्षक, एरंडोल)*

गुरुजी, नमस्कार. मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. बघायचंच असेल तर दोन तास पुरतात. पण दिवसा तिथं जत्रा असते. पोरं धावत असतात, गाईड मोठ्यानं बोलत असतो, जो तो फोटो काढत असतो. माणसं निघून गेली की मग ते जहाज वाटायला लागतं.

आधी जहाजाची कुंडली सांगते, म्हणजे मुलाशी वाद घालायला तुमच्या हाताशी काही राहील. नाव क्वीन मेरी. स्कॉटलंडात क्लाइडबँक इथं जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत 1930 च्या डिसेंबरात बांधायला घेतलं. वर्षभरात मंदीमुळं पैसा आटला आणि काम थांबलं. अर्धवट सांगाडा दोन वर्षांहून जास्त काळ तसाच उभा होता. 1934 मध्ये काम पुन्हा सुरू झालं, त्याच सप्टेंबरात जहाज पाण्यात उतरलं आणि 27 मे 1936 ला साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे पहिल्या फेरीला निघालं. लांबी 1019 फूट. मी रेल्वेची माणूस, मला फुटांत काही कळत नाही, म्हणून डब्यांत मोजलं : एलएचबीचे, म्हणजे हल्लीच्या नव्या गाड्यांचे, तेरा डबे एकामागे एक लावा, तेवढं. आणि हे तेरा डबे म्हणजे फक्त लांबी बरं का. वर मजल्यांवर मजले चढलेले आहेत ते वेगळेच.

पुढं विमानं आली आणि बोटीनं जाणारा माणूस उरला नाही. 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरानं हे जहाज साडेचौतीस लाख डॉलरला विकत घेतलं. पनामा कालव्याच्या दारांतून ते मावेना, म्हणून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून गेलं. 31 ऑक्टोबरला निघालं ते 9 डिसेंबरला पोहोचलं. तेव्हापासून तिथंच आहे. 1972 पासून त्यात हॉटेल आहे. मध्ये कोरोनात 2020 ला बंद पडलं, ते 2023 मध्ये पुन्हा उघडलं. आम्ही त्यानंतर गेलो.

आता खोलीचं. इथं माझी फजिती सांगायलाच हवी. मी बुकिंग स्वतः केलं. लेक म्हणाली, "आई, मी करते." मी म्हटलं, "अगं, चौतीस वर्षं दुसरं काय केलं?" मोबाइलवर एका साइटवर सगळ्यात स्वस्त खोली दिसली, दाबलं, पैसे गेले. संध्याकाळी दार उघडलं तर खोलीला खिडकीच नाही! चारही बाजूंनी लाकडाच्या भिंती. जुन्या बोटींत अशा आतल्या बाजूच्या खोल्या असतातच आणि बुकिंगच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं. आयुष्यभर लोकांना "काका, साइड अप्पर आहे, चालेल ना?" असं तीनतीनदा विचारणाऱ्या बाईनं स्वतःचा बर्थ वाचला नाही. लेक अर्धा तास हसत होती. दुसऱ्या दिवशी वरचे पैसे भरून खिडकीची खोली घेतली. तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाजूचीच घ्या आणि बुक करताना "गोल खिडकी आहे ना?" हे विचारून घ्या. शक्यतो जहाजाच्या मधल्या भागातली मागा. जेवणघर, दुकानं, वरचे डेक सगळं जवळ पडतं, वहिनींची पायपीट वाचेल.

ती गोल खिडकी म्हणजे काय चीज आहे! तळहाताएवढ्या जाडीचं पितळी कडं, त्यात जाड काच, बाजूला पिळाच्या मुठी. मी मूठ फिरवली तर पहिल्यांदा हलेना. खलबत्त्याचा दांडा पकडतो तशी दोन्ही हातांनी पकडली, तेव्हा कुईऽ करून फिरली. काच उघडली आणि खारा वारा थेट तोंडावर आला. समोर बंदराच्या उंच क्रेन, त्यांच्यावर लाल दिवे. रात्री दोनला उठले तरी त्या क्रेन कंटेनर उचलतच होत्या. मालधक्का कुठलाही असो, रात्रीची ड्युटी सुटत नाही.

न्हाणीघरात टबावर चार नळ. दोन कळले, गरम आणि थंड. उरलेले दोन कशाला? वाकून चष्मा लावून वाचलं : खारं गरम, खारं थंड. समुद्रात गोडं पाणी मोजकं, म्हणून अंघोळीला समुद्राचं पाणी तापवून द्यायचे. आता ते दोन नळ नुसते शोभेला आहेत. ते पाहून मला इतकं घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू! वापरायचं पाणी वेगळं नि प्यायचं वेगळं, हे आपल्या बायकांना का कुणी शिकवायला लागतं? माझ्या घरी आजही बोअरचा नळ वेगळा आणि पिण्याचा हंडा वेगळा आहे. अटलांटिकवरच्या पहिल्या वर्गातल्या मडमांचंही तेच होतं.

रात्री अकरानंतर खोलीबाहेर पडा. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं, भिंतींना पॉलिश केलेलं लाकूड. या जहाजात पन्नासहून जास्त जातींचं लाकूड वापरलंय. यावलच्या जंगलातल्या सागापलीकडे लाकूड नसतं असं मानणारी मी, तिथं भिंतीला हात लावून उभी राहिले. मधासारखा रंग, मध्येच डोळ्यांसारख्या गाठी. आणि बोळ सरळ नाही बरं का. जमीन मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना हळूहळू वर चढत जाते, कारण मोठ्या लाटेत नाक आणि शेपूट पाण्याबाहेर राहावं म्हणून जहाजाचा आकारच तसा घडवलेला. डोळ्यांना चटकन दिसत नाही, गुडघ्यांना मात्र लगेच कळतं. नकाशावर कितीही बघा गुरुजी, हे कळायला तिथं अनवाणी चालावं लागतं. मी चालले. कुणी बघत नव्हतं.

पहिल्या वर्गाचं जेवणघर जरूर बघा. भिंतीवर अटलांटिक महासागराचा भलामोठा नकाशा आहे. जहाज चालायचं तेव्हा त्या नकाशावर काचेचं एक छोटंसं जहाज सरकायचं. जेवता जेवता लोकांना कळायचं आपण कुठवर आलो. आमच्या स्टेशनवर इंडिकेटर लागायच्या किती आधीची गोष्ट!

एक बजावते. पंचतारांकित थाट मनात धरून जाऊ नका. मामाच्या जुन्या वाड्यात राहायला जातो तसं जा. लाकूड रात्री कुरकुरतं, कुठंतरी पाइप खडखडतो, शेजारच्या खोलीतला खोकलाही ऐकू येतो. ज्याला हे सोसत नाही त्यानं खरोखर दोन तासांतच परत यावं. भाडं रोज बदलतं, अगदी आपल्या फ्लेक्सी फेअरसारखं. शनिवार-रविवार टाळलात तर बरंच उतरतं. वेबसाइटवर दिसतो तो आकडा शेवटचा नसतो. कर आणि इतर आकार वरून लागतात, गाडी लावायचे पैसे वेगळे. खोली देताना कार्डावर अनामत अडकवून ठेवतात, ती नंतर सुटते. तेवढ्यासाठी मुलाला काउंटरवर पुढं करा.

आणि हो, इथली चहाची किटली नेऊ नका. आपली 230 व्होल्टची, तिथं वीज 120 ची. माझ्या किटलीत पाणी तापायला फार वेळ लागला.

माझे वडील पाचोरा-जामनेर छोट्या गाडीवर फायरमन होते. मी स्वतः डिझेल मेकॅनिक. जहाजाचं इंजिन बघायला मिळतं का? चालू आहे का?
*(पाचोरा)*

दादा, तुमचं पत्र वाचून मी मिनिटभर थांबले. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये बॉयलरचे फिटर होते. संध्याकाळी घरी आले की मोरीत आधी काळं पाणी वाहायचं. बॉयलरच्या आत जे खिळ्यासारखे स्टे असतात ना, त्यातला तुटलेला स्टे ते हातोडीनं टणटण वाजवून नुसत्या कानानं ओळखायचे. "चांगला गातो, तुटलेला खोकतो," असं म्हणायचे. त्यामुळं त्या जहाजात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो तळाशीच.

इंजिन बघायला मिळतं, पण चालू नाही आणि पूर्णही नाही. हे जहाज वाफेवर चालायचं, पण दट्ट्या पुढंमागं करणाऱ्या इंजिनावर नाही, टर्बाइनवर. मुख्य बॉयलर चोवीस, तेलावर पेटणारे. तेव्हा बेलचा मारायचं काम नव्हतं, तुमच्या वडिलांना सांगा, इथं आराम होता. वाफेचा दाब चौरस इंचाला 400 पौंड. वडिलांच्या तोंडी कायम 210 असायचं, आपल्या मालगाडीच्या वाफेच्या डब्ल्यूजी इंजिनाचा आकडा. 400 ऐकून त्यांनी नक्की शिट्टी घातली असती. चार टर्बाइन संच मिळून एक लाख साठ हजार अश्वशक्ती. ती जहाजाला ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या चार पंख्यांना फिरवायची आणि एकेक पंखा बत्तीस टनांचा.

आता वाईट बातमी. हॉटेल करताना सगळे बॉयलर काढून टाकले. ते ज्या दालनांत बसवले होते, ती दालनं आता नुसती पोकळ आहेत. मी तिथल्या कठड्यावरून खाली पाहिलं तर वर अंधार, खाली अंधार. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये उभं राहिल्यावर कसं वाटतं, तसंच वाटलं. मागच्या बाजूचं इंजिनघर मात्र जागेवर आहे. टर्बाइनची कवचं, घड्याळासारखे दाबमापक, माणसाच्या मनगटाएवढ्या झडपा, त्यांची चाकं, सगळं. शेवटी एक लोखंडी खोली आहे. तिच्यात खाली वाकून बघायचं. पाण्यात हिरव्या उजेडात एक पंखा दिसतो, चारांपैकी एवढा एकच जागेवर ठेवलाय. पाण्यात असल्यामुळं तो हलतोय असा भास होतो. माझ्या शेजारचा एक छोटा पोरगा रडायला लागला, त्यालाही तसंच वाटलं असणार.

एक गंमत तुम्हाला आवडेल. बॉयलर वरून काढायला तिन्ही धुराडी उचलली, तर ती जागच्या जागी ढासळली. पत्रा कधीच गंजून गेला होता. तीस वर्षं थरावर थर दिलेल्या रंगानंच ती उभी होती म्हणे! आता दिसतात ती नवी, अॅल्युमिनियमची. रंगावर उभं राहिलेलं आपल्याकडेही बरंच काही असतं, पण तो विषय या सदराचा नाही.

इंजिनघरात एका पितळी नळीवर मी हळूच बोटानं टकटक केलं. गात होती.

त्या जहाजात भुतं आहेत असं यूट्यूबवर पाहिलं. खरं आहे का? तुम्हाला काही दिसलं?
*(बारावीचा विद्यार्थी, शिरपूर)*

बेटा, मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. आमच्या रुळांच्या कडेच्या प्रत्येक चिंचेला एक भूत होतं आणि त्याच्याशी आमच्या घरचा परिचय होता. मला तिथं काही दिसलं नाही.

भुतांचा धंदा मात्र जोरात आहे. बी डेकवर 340 नंबरची खोली आहे, ती भुताची म्हणूनच प्रसिद्ध आहे आणि लोक मुद्दाम ती मागतात. रात्रीच्या भुताच्या फेऱ्या असतात, त्यांचं तिकीट वेगळं. खाली 13 क्रमांकाचं एक पाणबंद दार दाखवतात. तिथं 1966 मध्ये एक तरुण खलाशी चिरडून गेला, ती खरी गोष्ट आहे. तो तुझ्याच वयाचा होता. त्याच्या नावानं घाबरण्याचा खेळ खेळणं मला जरा जडच गेलं.

त्याहून एक मोठी गोष्ट तिथं घडली आणि तिच्यात भूत नाही. दुसऱ्या महायुद्धात या जहाजाला करडा रंग फासून सैनिक वाहायला लावलं. पाणबुड्यांना सापडू नये म्हणून भरधाव आणि नागमोडी जायचं. लोक त्याला 'करडं भूत' म्हणायचे, म्हणजे बघ, जहाजच भूत होतं. एका फेरीत, जुलै 1943 मध्ये, या एका जहाजावर 16,683 माणसं होती. आमच्या चोवीस डब्यांच्या गाडीत अगदी छठच्या गर्दीतही तेवढी कोंबता येणार नाहीत. आणि 1940 च्या शेवटी ऑस्ट्रेलियाचे सैनिक घेऊन हेच जहाज आपल्या मुंबईला येऊन गेलंय.

तर 2 ऑक्टोबर 1942. आयर्लंडजवळ क्युरासोआ नावाची ब्रिटिश युद्धनौका हिच्या रक्षणाला बरोबर चालली होती. नागमोडी जाताना दोघींचा अंदाज चुकला आणि क्वीन मेरीनं तिला मधोमध कापलं. तीनशेहून जास्त खलाशी मेले. आणि क्वीन मेरी थांबली नाही. थांबायचं नाही असा हुकूमच होता, कारण पाणबुडीनं गाठलं असतं तर आतले हजारो सैनिक गेले असते. वर उभ्या सैनिकांनी पाण्यातल्या माणसांकडे बघितलं आणि जहाज पुढं गेलं. ही गोष्ट युद्ध संपेपर्यंत गुप्त ठेवली होती.

बी 340 च्या दाराशी मला काही वाटलं नाही. ही गोष्ट वाचली त्या रात्री मात्र मी दिवा चालू ठेवून झोपले.

ताई, अमेरिकेचा व्हिसा काही आम्हाला झेपायचा नाही. केळीचे दोन पैसे हातात आले आहेत, लग्नाला पंचवीस वर्षं होत आहेत. जवळपास असं जहाज आहे का?
*(रावेर तालुका)*

आहे आणि ते बघितलंत तर अमेरिकेची हळहळ राहणार नाही. दुबईला जा. राशिद बंदरात क्वीन एलिझाबेथ 2 उभं आहे, सगळे त्याला क्यूई 2 म्हणतात. परतताना शारजाच्या भाच्याकडे थांबले होते तेव्हा एक रात्र तिथंही काढली.

या दोन जहाजांचं नातं सांगते. क्वीन मेरी 1934 मध्ये पाण्यात सोडली ती राणी मेरी यांनी, स्वतःच्याच नावाची. त्याच क्लाइडबँकच्या गोदीत 20 सप्टेंबर 1967 ला क्यूई 2 पाण्यात सोडली ती त्यांची नात, राणी एलिझाबेथ यांनी. त्यानंतर सहा आठवड्यांत आजीच्या नावाचं जहाज कायमचं अमेरिकेला निघालं. नात सासरी आली आणि आजी काशीला गेली, असं म्हणा.

क्यूई 2 ची पहिली फेरी 1969 ची. म्हणजे जहाज तुमच्याच पिढीचं. 1982 च्या फॉकलंड युद्धात तेही सैनिक घेऊन गेलं. 2008 मध्ये दुबईला आलं, नंतर जवळजवळ दहा वर्षं नुसतंच उभं होतं आणि 2018 पासून हॉटेल आहे. लांबी आजीपेक्षा थोडी कमी, बारा डबे. आत गेलं की 1930 चं लाकूडकाम नाही, साठ-सत्तरच्या दशकातला थाट आहे. तेव्हाच्या हिंदी सिनेमात नायिका जिन्यावरून उतरायची ना, तसा. क्वीन्स रूम नावाचं नाचाचं दालन आहे, तिथं नुसतं बसून आलात तरी पुष्कळ. जुन्या गोष्टी सांगत फिरवून आणणारी गाईडची फेरी असते, ती घ्या. नाहीतर नुसतं हॉटेल बघितल्यासारखं होतं. मला विचाराल तर मन आजीवरच बसलं, पण खोल्या नातीच्या जास्त आरामाच्या.

दुबईचा व्हिसा विमान कंपनीकडून किंवा जळगावच्या कुठल्याही चांगल्या एजंटकडून होतो. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक असलेला हवा, त्यावरून लोक विमानतळावरून परत आलेले मी पाहिलेत. भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबई, तिथून विमानाला तीनेक तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा. सेहेचाळीस डिग्रीचं आपल्याला काय कौतुक, पण तिथला उन्हाळा दमट असतो, जीव नुसता चिकट होतो. जेवणाची काळजी करू नका. बर दुबईत मीना बाजारच्या आसपास शाकाहारी खानावळींची रांग आहे. कळण्याची भाकरी मात्र नेलीत तर शिळी होईल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. हॉटेलात दर रात्रीमागं पर्यटनाचा छोटा कर वेगळा लागतो, तो घोटाळा नव्हे, सगळीकडे लागतो.

आणि हो, पंचवीस वर्षांचं खिडकीवरून अभिनंदन.

टायटॅनिकचीच बहीण ना ही? आमच्यात पैज लागली आहे.
*(जामनेर)*

नाही, पैज हरलात. टायटॅनिक व्हाइट स्टार कंपनीचं, 1912 मध्ये बुडालं. क्वीन मेरी बांधत होती ती कनार्ड. मंदीत सरकारनं अडकलेलं काम पुरं करायला कर्ज दिलं, पण अट घातली की या दोन कंपन्यांनी एक व्हावं. म्हणून 1934 मध्ये कनार्ड-व्हाइट स्टार असं जोडनाव झालं. फार तर चुलत सासरचं नातं म्हणा. पैज चहाची होती की पार्टीची, ते लिहिलं नाहीत.

ताई, जहाज चालत नही, मंग इतला पैसा काबर देवाना?
*(साक्री)*

भाऊ, सप्तशृंगीच्या भक्तनिवासात खोली घेता, ते तरी कुठं चालतं?

तुमचा प्रश्न तसा अमेरिकन सरकारलाही पडला होता. बॉयलर काढले तेव्हा तिथल्या तटरक्षक दलानं ठरवलं की हे आता जहाज नाही, इमारत आहे. मग काम कुणी करायचं, जहाजवाल्या कामगारांनी की इमारतवाल्यांनी, यावरून दोन्हीकडच्या युनियनची जुंपली. पाण्यावर तरंगणारी इमारत! रेल्वेत असतं तर अशी फाइल तीन पिढ्या फिरली असती.

मला एसटी लागते. धुळ्याहून नाशिकला जाईपर्यंत दोन पिशव्या लागतात. नातवंडं म्हणतात, आजी, जहाजात झोपायला चल. मला जहाज लागेल का हो?
*(धुळे)*

आजी, हे चालत असतं तर नक्की लागलं असतं. समुद्रात ते भलतंच कलायचं. सुरुवातीला बोळांतून धरायला कठडेही नव्हते. लोक धडपडले, हातपाय मोडले, मग लावले. डोलणं कमी करणारे पंख बसवायला 1958 उजाडलं, म्हणजे चालू होऊन बावीस वर्षं झाल्यावर.

आता ते दगडी बांधाच्या आत, दोरखंडांनी बांधलेलं उभं आहे. माझी लेक तुमच्यासारखीच. घाटात तिला दर वळणाला थांबायला लागतं. म्हणून पहिल्या रात्री आम्ही परीक्षा घेतली. स्टीलचा पेला काठोकाठ भरून खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि दोघी पलंगावर बसून बघत राहिलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पाणी हललं नाही. लेक तशीच झोपून गेली.

घरी आल्यावर तोच पेला तसाच भरून भुसावळला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून पाहिला. साडेनऊची मालगाडी गेली आणि अर्धं पाणी ओट्यावर.